कोणती बंदूक घ्यावी?



मी अधूनमधून शूटिंग रेंजवर जातो, हे आपल्या विहारात आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्यामुळे रविवारची वंदना आटोपून चहा सुरू झाला की कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन विचारतं, "दादा, ग्रीन कार्ड झालं. हौस म्हणून एखादी बंदूक घ्यावी म्हणतोय. कोणती घेऊ?" विचारणारा बहुधा तिशीतला, माझ्यासारखाच आयटीतला असतो. लॅपटॉप घेताना करतो तशी मॉडेलांची तुलना त्यानं आधीच करून ठेवलेली असते. पण विचारताना आवाज थोडा खाली आलेला असतो. पंचशील घेऊन दहा मिनिटं झालेली नसतात आणि बोलणं बंदुकीचं चाललेलं असतं, याची खूण त्या आवाजात असते. त्या सगळ्यांना मी आजवर घाईत काहीतरी सांगत आलो. आज नीट सांगतो.

आधी कायदा. अमेरिकेत बंदूक बाळगण्याचा हक्क घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत, म्हणजे १७९१ पासून आहे, आणि तो व्यक्तीचा हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २००८ च्या 'हेलर' खटल्यात स्पष्ट केलं. ग्रीन कार्डधारकाला परवानाधारक दुकानातून फॉर्म ४४७३ भरून आणि पार्श्वभूमीची तपासणी होऊन बंदूक घेता येते. एच-१बी व्हिसावर असलेल्यांना मात्र संघराज्याच्या कायद्यानं सर्वसाधारणपणे मनाई आहे. तिला काही अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे शिकारीचा वैध परवाना. म्हणून काहीजण शिकार न करताही तो परवाना काढतात. आता तुम्हीच विचार करा. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं शील घेतलेला उपासक केवळ बंदूक मिळावी म्हणून कागदावर शिकारी होतो. कायद्यानं यात गैर काही नाही. पण वस्तू घरी येण्याआधीच आपण स्वतःशी थोडं खोटं बोलायला लागलो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता धम्म काय सांगतो? अंगुत्तर निकायात उपासकानं करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. त्यात शस्त्र विकण्याबद्दल सांगितलं आहे, विकत घेण्याबद्दल नाही. इथे आपल्यातला वकील लगेच जागा होतो. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेबद्दल फार महत्त्वाचा भेद दाखवला आहे. बुद्धांची अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नाही. नियम पाळला की मोडला एवढंच पाहायचं असतं. तत्त्व मात्र प्रत्येक वेळी विचार करायला लावतं. त्याच विवेचनात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन गोष्टी बाबासाहेबांनी वेगळ्या काढल्या आहेत. तेव्हा बंदूक घेणं पाप की पुण्य, असा प्रश्न मी विचारत नाही. घेताना मनात काय होतं, असा विचारतो. धम्मात कर्म म्हणजे मुळात चेतनाच.

आणि बंदुकीच्या बाबतीत ती चेतना मॉडेल निवडतानाच उघडी पडते. आपण इंजिनिअर आहोत. प्रत्येक वस्तूच्या रचनेत तिचं काम लिहिलेलं असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शर्टाखाली लपेल असं ९ मिलिमीटरचं छोटं पिस्तूल लांबच्या कागदी लक्ष्यावर नेम धरण्यासाठी बनवलेलं नसतं. त्याची छोटी नळी, त्याचा आकार, सगळं एका गोष्टीसाठी असतं: काही पावलांवरचा माणूस. हरणाच्या शिकारीची रायफल हरणासाठी असते. १२ गेजची लांब नळीची शॉटगन हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायला उत्तम. आणि ०.२२ कॅलिबरची, एकेक गोळी भरून मागचा खटका ओढायची रायफल मुख्यतः नेम शिकण्यासाठी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते याच ०.२२ च्या गोळीवर. एअर रायफल तर त्याहून सौम्य. १० मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. त्यावर नेम धरताना श्वास, खांदा, बोट, मन सगळं पाहावं लागतं. आनापानसतीला बसणाऱ्याला ते ओळखीचं वाटेल.

म्हणूनच 'हौस म्हणून' असं सांगून कुणी मला लपवता येणाऱ्या पिस्तुलांची यादी दाखवली की मी विचारतो, "ही हौस आहे की भीती?" दोन्ही असू शकतात. पण भीतीला हौसेचं नाव दिलं की तिच्याकडे पाहायचं राहून जातं.

बाबासाहेबांच्या त्याच ग्रंथातला सिद्धार्थ आठवा. यशोधरेच्या स्वयंवराच्या वेळी नेमबाजीची स्पर्धा झाली, तेव्हा त्याचा नेम सर्वांत सरस ठरला. पण मित्र शिकारीला बोलवत तेव्हा तो नकार देत असे. पुढे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्यांनी कोलियांशी युद्ध करायचं ठरवलं, तेव्हा त्यानं संघाच्या निर्णयाला विरोध केला आणि घर सोडलं. त्याला शस्त्र येत नव्हतं म्हणून तो नाही म्हणाला, असं नव्हतं. हाती कौशल्य असूनही ते कुणावर उगारायचं नाही, हे त्यानं ठरवलं होतं. नेमबाजी आणि हिंसा या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे मी तिथून शिकलो.

यावर आपल्यातले काही मित्र एक मुद्दा मांडतात, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, "आपल्या पूर्वजांना शस्त्र नाकारलं गेलं. बाबासाहेबांनीच १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे उच्चाटन'मध्ये लिहिलं की चातुर्वर्ण्यानं खालच्या वर्गांना निःशस्त्र ठेवलं, म्हणून ते बंड करू शकले नाहीत. आता या देशात हक्क मिळाला आहे, तर तो का सोडायचा?" हक्क सोडा असं मी म्हणत नाही. हक्क असणं ही समतेची गोष्ट आहे. तो केव्हा आणि कसा वापरायचा, ही प्रज्ञेची गोष्ट आहे. शिवाय बाबासाहेब बोलत होते ते एका समाजव्यवस्थेबद्दल, माझ्या बेडरूममधल्या कपाटाबद्दल नव्हे. पूर्वजांचं दुःख माझ्या खरेदीचं समर्थन म्हणून वापरताना मला संकोच वाटतो.

भीतीचंही कारण आहे, ते नाकारत नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत कॅन्ससमधल्या ओलेथ शहरात एका भारतीय इंजिनिअरला द्वेषातून गोळी घालून मारलं गेलं. त्यानंतर मीही रात्री दार दोनदा तपासायला लागलो होतो. पण दुसरी बाजूही पाहा. १९९२ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूज इथे १६ वर्षांचा एक जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला जाताना चुकून दुसऱ्याच घराशी गेला आणि घरमालकानं त्याला गोळी घातली. त्या घरमालकाच्या मनात द्वेष नव्हता, भीती होती. ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं. मुलगा परत आला नाही. आपण नेहमी स्वतःला दाराच्या आतल्या बाजूला कल्पितो. आपला मुलगा बाहेरच्या बाजूला असू शकतो.

आता माझी गोष्ट. ग्रीन कार्ड आल्यावर मी आधी ०.२२ ची रायफल घेतली. वर्षभरात ९ मिलिमीटरचं पिस्तूल घेतलं, अर्थातच 'हौस म्हणून'. ते पलंगाशेजारी कोड लावलेल्या पेटीत असायचं. पुढे माझी नोकरी गेली. पाच महिने घरी होतो. घराचा हप्ता, मुलीची शाळा, गावाकडे आईला फोनवर 'सगळं छान' सांगणं. एका रात्री तीनच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की मी त्या पेटीचा कोड मनातल्या मनात म्हणतो आहे. पेटी उघडली नाही. बायकोला उठवलं आणि सांगितलं. सकाळी विहारातले एक ज्येष्ठ उपासक आले आणि पेटीसकट दोन्ही शस्त्रं घेऊन गेले. काही न विचारता.

घराला धोका बाहेरून येईल असं धरून मी सगळी योजना केली होती. धोका आतच होता, आणि तो मी होतो. नंतर आकडे वाचले. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८ हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक, २६ हजारांवर, आत्महत्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या लोकांवरचा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये बंदुकीनं आत्महत्येचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट आढळलं. मनाची वाईट लाट अनेकदा थोड्या वेळात ओसरते. अनित्यता आपण रोज म्हणतो. ती इथेही खरी आहे. हाताशी बंदूक असली तर ओसरण्याइतका वेळ मिळत नाही.

वर्षभरानं रायफल परत आणली. पिस्तूल आणलं नाही. विकलं असतं तर चार-पाचशे डॉलर आले असते, आणि तेव्हा ते हवेही होते. पण ते उद्या कुणाच्या उशाशी जाईल, हे मला ठाऊक नव्हतं. आधी फोन करून ते पोलिसांकडे जमा केलं. शस्त्रांचा व्यापार का वर्ज्य, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

तर, कोणती घ्यावी? आधी काहीच घेऊ नका. सहा महिने रेंजवर भाड्याची बंदूक वापरा, प्रशिक्षण घ्या. हौस टिकली तर एअर रायफल घ्या. ती संघराज्याच्या कायद्यात 'फायरआर्म' नाही, तरी डोळा जाऊ शकतो, म्हणून शिस्त तीच. त्यानंतरही वाटलं तर ०.२२ ची रायफल. तिला खेळणं समजू नका. तिची गोळी दीड मैलापर्यंत धोकादायक असते. बंदुकीच्या आधी तिजोरी विकत घ्या आणि काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. घरात लहान मूल, दारू किंवा खचलेलं मन असेल, तर बंदूक घराबाहेर असू द्या. एखाद्या भगिनीला खरी, ठोस धमकी असेल, तर तिची गोष्ट वेगळी. ती गरज आहे, आणि तिचा निवाडा करणारा मी कोण? पण तिनंही हा निर्णय एकटीनं घेऊ नये.

आणि पैसे भरण्याआधी एक करा. ही बंदूक कशासाठी, हे एका वाक्यात आपल्या जोडीदाराला मोठ्यानं सांगा. आवाज खाली आला, तर थांबा.

सध्या कुणाची रात्र जड जात असेल, तर ९८८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आणि आपल्या विहारात कपाट रिकामं करायला येणारी माणसं आहेत. ती काही विचारत नाहीत.

सर्वांचं मंगल होवो. जय भीम.