रिकाम्या रकान्याचा अर्थ

कर्मचाऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा नोंदवणारा डेटाबेस उभा करायचा म्हटलं, तर काम तसं अवघड वाटत नाही. एक तक्ता माणसांचा: क्रमांक, नाव, विभाग. दुसरा नोंदींचा: कोण, कधी, आत की बाहेर. दोन्ही तक्ते क्रमांकाने जोडले की झालं. पण महिनाअखेरीस याच तक्त्यावरून कुणाचा तरी पगार निघतो, आणि तिथून पुढे प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाही.

पहिला आराखडा बहुधा असा असतो: दिवसाला एक ओळ, तिच्यात ‘आत’चा एक रकाना आणि ‘बाहेर’चा एक. दिवसपाळीच्या माणसाला तो बरोबर बसतो. रात्री दहाला येऊन सकाळी सहाला जाणाऱ्या रखवालदाराने मात्र उणे सोळा तास काम केलेलं दिसतं. १९४८च्या कारखाने कायद्याने ही अडचण ओळखली होती. पाळी मध्यरात्र ओलांडत असेल, तर नंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे, अशी तरतूद त्यात होती. म्हणजे ‘दिवस’ कशाला म्हणायचं हेही कुणीतरी ठरवावंच लागतं. विचार न करता सोडून दिलं, तर ते दिवसा काम करणाऱ्यांच्या सोयीने ठरून जातं.

ही चूक निदान डोळ्यांना दिसते. उणे सोळा पाहून कुणीही थबकेल. खरा पेच रिकाम्या रकान्याचा आहे. सकाळी ९ वाजता आत आल्याची नोंद आहे, बाहेर पडल्याची नाही. आता हा माणूस किती तास कामावर होता?

डेटाबेसच्या भाषेत अशा रिकाम्या जागेला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. त्याचा साधा अर्थ ‘माहीत नाही’ असा घ्यावा. आठ तासांत नल मिळवला तर उत्तर आठ येत नाही, नलच येतं. एक भाग माहीत नसेल तर बेरीजही माहीत नाही, इतका प्रामाणिकपणा यंत्रात आहे. पण महिन्याभराची एकत्रित बेरीज मागितली, की तेच यंत्र सगळे नल गुपचूप वगळून उरलेल्यांची बेरीज हातात ठेवतं. ‘माहीत नाही’चं ‘काही नाही’ होतं ते इथे, आणि पगारपत्रकात त्याचा मागमूसही राहत नाही.

१९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी पुढे या रिकामेपणाचेही दोन प्रकार मानले. एक, माहिती असायला हवी पण मिळालेली नाही. दुसरा, इथे ती लागूच नाही. हजेरीत हाच फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. रजेवरच्या माणसाचा रकाना रिकामा असतो, आणि दिवसभर राबूनही यंत्राने अंगठा न घेतलेल्या बाईचाही. भांडी घासून, विटा उचलून, सिमेंट कालवून बोटांच्या रेषा झिजतात, आणि अशी बोटं यंत्र कित्येकदा ओळखत नाही. ज्याचं काम हातांचं, त्याचीच नोंद हुकण्याचा संभव अधिक. तक्त्यात दोघांनाही सारखाच खाडा.

यावर कुणी म्हणेल, मग पूर्वीचंच बरं होतं का? मुळीच नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कुणाला काम मिळणार हे कित्येक वर्षं जॉबरच्या मर्जीवर असे. बदली कामगार दारात ताटकळत, आणि आत जायला ओळख, नातं, कधी पैसा लागे. यंत्र कुणाची जात विचारत नाही, चहापाणी मागत नाही. हा लाभ खराच आहे. पण जॉबरच्या हातातला निर्णय नाहीसा झाला असं समजू नये. ‘बाहेरची नोंद नसेल तर अर्धा दिवस धरा’ हा नियम लिहिणाऱ्याने तो आपल्याकडे घेतला. जॉबरशी निदान भांडता येत होतं. सॉफ्टवेअरमधल्या नियमाबद्दल विचारलं, की ‘सिस्टिमच तसं दाखवतेय’ एवढंच उत्तर मिळतं.

मालकाची बाजूही पोकळ नाही. मित्राचं कार्ड लावणारे, तासभर आधी सटकून ‘नोंदवायचं राहिलं’ म्हणणारे असतातच. प्रत्येक रिकामा रकाना कामगाराच्या शब्दावर भरायचा, तर नोंद ठेवायची कशाला? म्हणून कोण खरं बोलतं यापेक्षा ‘माहीत नाही’चा भार कुणी वाहायचा, हे आधी ठरवायला हवं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये माउंट क्लेमेन्स पॉटरी खटल्यात यावर एक दिशा दाखवली. नोंदी नीट ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. त्या अपुऱ्या असतील आणि कामगाराने वाजवी अंदाज बांधता येईल इतका पुरावा दिला, तर तो खोडून काढण्याची जबाबदारी मालकाची. मला हा न्याय पटतो. वही ज्याच्या हातात, वहीतल्या मौनाचा जाब त्यानेच द्यावा.

आराखड्यात हे उतरवणं अवघड नाही. प्रत्येक पंचाची वेगळी ओळ ठेवावी. रिकामी जागा आपोआप भरू नये. ‘तपासायचं आहे’ अशी खूण करून ती माणसापुढे आणावी, आणि पगार निघण्याआधी आणावी. दुरुस्ती करताना जुनी नोंद पुसू नये. जुने कारकून चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारून शेजारी सही करत; खाली काय होतं ते वाचता येई. तसंच कुणी, कधी, कशासाठी बदललं हे राहू द्यावं. आणि ज्याची नोंद, त्याला ती पाहता यावी.

याला थोडा वेळ जास्त लागेल, एखादा तक्ता वाढेल. पण त्यामुळे जिचा अंगठा लागला नाही, तिला निदान ‘काल तुम्ही होता का?’ असं कुणीतरी विचारील.