बेणे आणि हळकुंड

पदार्थांच्या ठायी घडणारे पालट दोन जातींचे आहेत. हिवाळ्यात थिजलेले तूप चुलीजवळ ठेविताच पातळ होते. पाण्यात विरलेले मीठ पाणी आटताच पुनः हाती येते. हा परतणारा पालट होय. विरजलेले दूध मात्र पुनः दूध होत नाही. साधकाच्या ठायी घडलेला पालट यांतील कोणता, हे ओळखण्यास आखाडा बाळापूरच्या परिसरातील हळदीचा दृष्टान्त फार सोयीचा आहे.

कळमनुरी तालुक्यातील हे गाव हिंगोली जिल्ह्याच्या हळदपट्ट्यात येते. याच जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. माघ-फाल्गुनात कंद खणून निघाले की निवडक कंद बेण्यासाठी सावलीत राखतात, उरलेले शिजवितात. शिजताना कंदातील पिष्टकण पाणी शोषून फुगतात, एकजीव होतात आणि रंग सर्वत्र सारखा पसरतो. त्याच वेळी कंदातील जीवनशक्ती नष्ट होते. वरून पाहता शिजलेल्या व कच्च्या कंदात फारसे अंतर दिसत नाही, म्हणून शेतकरी काडी टोचून पाहतो. उन्हात वाळलेले हळकुंड कितीही भिजविले, उत्तम जमिनीत लाविले, तरी त्याला कोंब येत नाही. बेण्याला मात्र पावसाची एक सर पुरते.

आता दुसरा पालट पाहावा. हळदीवर चुन्याची निवळी पडली की ती क्षणात लालभडक होते. पाहणाऱ्यास वाटते, पदार्थच बदलला! पण वर लिंबू पिळावे, तो पिवळेपणा परत येतो. अर्थात हे लगेच केले तर. चुन्यात फार वेळ राहिल्यास रंगद्रव्यच मोडते. मग लिंबाचा उपाय पुरता चालत नाही.

दार्ष्टान्तिक असे. वेश घेणे, घर सोडणे, नामस्मरणाची संख्या वाढविणे हे पालट डोळ्यांत भरतात. पण तेवढ्याने वासनेचा कोंब मेला असे ठरत नाही. उन्हाळाभर निपचित पडलेले बेणेही मेल्यासारखेच दिसते. वासनिकांत दहा वर्षे शांत राहिलेला पुरुष वाटणीच्या एका बांधावरून भावाशी बोलणे टाकतो, तेव्हा आत काय राखले होते ते कळते. उलट, विरक्ताच्या हातून एखादा प्रमाद घडला म्हणजे सारेच गेले, असे मानून त्याने मार्ग सोडणेही अनुचित. तो लालपणा चुन्याचा असू शकतो. मात्र प्रायश्चित्तास विलंब नसावा.

दृष्टान्ताचे एक अंगच घ्यावे. हळदीचे द्रव्य पालटते. जीव नित्य आहे, त्याचे स्वरूप शिजत नाही. जीवाला बद्धमुक्त म्हटले आहे, ते त्याचे बंधन सुटण्यास योग्य आहे म्हणून. आणि कंद आपल्या बळाने शिजत नाही, त्यास अग्नी लागतो. तसे ज्ञान परमेश्वराकडूनच येते. साधकाकडे राहते ते कढईत पडणे, आणि बेण्यासाठी म्हणून एखादा कंद सावलीत लपवून न ठेवणे.