घर कोणाचे दिसते? : शालेय मैत्री आणि कौटुंबिक विनोदी मालिकेचा नैतिक घाट

कौटुंबिक विनोदी मालिका हा प्रकार आपल्या समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. त्याला वाङ्मयीन मूल्य नाही, तो जाहिरातदारांसाठी निर्माण होतो, त्यातील हास्य यांत्रिक असते, असे आक्षेप नोंदवून विषय संपवला जातो. हे आक्षेप बऱ्याच अंशी खरेही आहेत. परंतु एखाद्या समाजातील कोट्यवधी मुले मैत्रीची प्रतिमा ज्या कथनरूपातून उचलतात, त्या रूपाचा घाट कोणते नैतिक गृहीतक सोबत घेऊन येतो, हा प्रश्न मूल्यनिर्णयाने निकालात निघत नाही. प्रस्तुत लेखात या प्रकारातील एकच उपप्रकार विचारात घेतला आहे : पाचवी ते आठवीच्या वयातील दोन जिवलग मित्रांची, किंवा मैत्रिणींची, कौटुंबिक मालिका. विदर्भात जुन्या मध्यप्रांताच्या काळापासून या इयत्तांना 'मिडल स्कूल' म्हणण्याची रीत होती, आणि तो शब्द येथे सोयीचा आहे. कारण हे वय खरोखरच मधले असते. मैत्री निवडण्याचा अधिकार मुलाला मिळालेला असतो, पण ती निभावण्याची साधने अद्याप घरच्यांच्या हाती असतात.

या उपप्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेत २०१४ ते २०१७ या काळात प्रसारित झालेली 'गर्ल मीट्स वर्ल्ड' ही मालिका. रायली आणि माया या दोन मैत्रिणी एकाच वर्गात शिकतात. रायलीच्या घरी आई, वडील आणि धाकटा भाऊ आहेत. मायाचे वडील घर सोडून गेलेले, आई उपाहारगृहात वाढपीण. माया रायलीच्या खोलीत येते ती बहुधा खिडकीतून, आणि त्या खिडकीतच दोघींच्या साऱ्या महत्त्वाच्या गोष्टी होतात. ही खिडकी लेखकांना सुचलेली एक सुंदर कल्पना आहे यात शंका नाही. मात्र ती रायलीची खिडकी आहे. मायाचे घर मालिकेत क्वचितच दिसते. एवढेच नव्हे, तर दोघींच्या वर्गाचे शिक्षक म्हणजे रायलीचे वडीलच. घर रायलीचे आणि शाळाही एका अर्थाने रायलीच्या घराचाच विस्तार. ज्या मालिकेतून ही मालिका निघाली त्या 'बॉय मीट्स वर्ल्ड'मध्येही (१९९३ ते २०००) हीच मांडणी होती. कोरीचे घर स्थिर, आणि त्याचा मित्र शॉन चाकांवरच्या घरांच्या वसाहतीतून तेथे येणारा.

याचे एक साधे व्यावहारिक कारण आहे. १९५१ साली सुरू झालेल्या 'आय लव्ह लूसी'पासून अशा मालिकांच्या चित्रीकरणाची जी पद्धत रूढ झाली, तीत अनेक कॅमेरे, समोर बसलेला प्रेक्षक आणि तीन भिंतींचे कायम नेपथ्य अपेक्षित असते. कायम नेपथ्य खर्चिक असल्यामुळे दोन किंवा तीन स्थळेच कायमची उभी राहतात. दोन मित्रांपैकी एकाचेच घर उभारले जाते, आणि दुसऱ्याचे घर एखाद्या भागापुरते तात्पुरते मांडून पुन्हा मोडले जाते. येथवर हा केवळ हिशेबाचा भाग आहे. परंतु बावीस मिनिटांच्या शंभरेक भागांतून हा हिशेब एका नैतिक व्यवस्थेचे रूप धारण करतो. ज्याचे घर कायम, तो देणारा ठरतो. ज्याचे घर मोडले जाते, तो घेणारा. जेवण, सल्ला, वडिलकीचा हात, सणाचा दिवस हे सारे एकाच दिशेने वाहते.

मग घेणारा काय देतो? मालिका त्यालाही काही द्यायला लावते. तो धाडस देतो, खोड्या देतो, बिघडण्याची शक्यता देतो. थोडक्यात, तो कथानक देतो. सुस्थित घराला स्वतःचे कथानक नसते, म्हणून विस्कटलेल्या घरातला मित्र त्याला हवा असतो. ॲरिस्टॉटलने विषम मैत्रीसंबंधी असे म्हटले आहे की ती प्रमाणाच्या तत्त्वाने सम होऊ शकते, दोघांनी एकच गोष्ट सारखी देण्याची आवश्यकता नाही. त्याच्या दृष्टीने हा व्यवहार कदाचित न्याय्यही ठरेल. पण आपल्या दारिद्र्याचे नाट्य मित्राच्या घराला पुरवणे हे मैत्रीतील योगदान मानावे काय, हा प्रश्न त्याच्यासमोर नव्हता.

आपल्या परंपरेत सहाध्यायांच्या दोन कथा सर्वपरिचित आहेत, आणि दोन्ही याच गाठीपाशी येऊन थांबतात. द्रुपद हा भरद्वाजांच्या आश्रमात द्रोणाबरोबर खेळला आणि शिकला. पुढे द्रुपद राजा झाला, आणि बालमैत्रीच्या भरवशावर आलेल्या द्रोणाला त्याने सुनावले की सख्य बरोबरीच्यांत असते. या अपमानाचे उत्तर द्रोणाने शिष्यांकरवी द्रुपदाला जिंकून दिले. अर्धे राज्य स्वतःकडे ठेवून अर्धे त्याला परत केले, आणि आता आपण बरोबरीचे झालो असे सांगितले. बालपणीच्या शब्दाचा इतका कठोर, अक्षरशः अर्थ लावल्यावर काय होते ते महाभारताने धृष्टद्युम्नाच्या हातून दाखवले आहे.

दुसरी कथा कृष्ण-सुदाम्याची. भागवताच्या दशम स्कंधात या ब्राह्मणाचे नावही येत नाही. सुदामा हे परंपरेने दिलेले नाव. द्वारकेत कृष्ण त्याला गुरुगृहीची एक रात्र आठवून देतो : गुरुपत्नीने सरपणासाठी पाठवले असता दोघे वादळात सापडले आणि एकमेकांचा हात धरून रानात भटकत राहिले. दोघांच्या मैत्रीतील खरे भांडवल ही रात्रच आहे. परंतु कथेचा पुढचा भाग, जो कीर्तनकारांनी रंगवला, तो घराचा आहे. सुदामा कृष्णाच्या घरी जातो. कृष्ण सुदाम्याच्या घरी येत नाही. तो येण्याऐवजी ते घरच बदलून टाकतो; सुदामा परततो तेव्हा झोपडीच्या जागी प्रासाद उभा असतो. भक्तीच्या दृष्टीने ही कृपेची पराकाष्ठा आहे आणि तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र मैत्रीची कथा म्हणून वाचताना एक गोष्ट खटकत राहते. सुदाम्याच्या फाटक्या चटईवर कृष्ण बसला आहे, आणि सुदाम्याच्या पत्नीने त्याला तिच्या घरात जे असेल ते वाढले आहे, असे दृश्य ही कथा का रचू शकली नाही? नवविधा भक्तीत सख्य आठवे येते, दास्याच्या लगेच पुढचे. दोहोंत एकाच पायरीचे अंतर आहे, आणि उपकाराचे वजन वाढले की पाय खालच्या पायरीवर येतो.

मराठी दूरचित्रवाणीने हा प्रश्न वेगळ्या युक्तीने टाळलेला दिसतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका घराघरांत पोचली. जोडी दोस्तांची, पण गुंड्याभाऊ हा नात्याने भाऊ. त्यामुळे त्याने चिमणरावांच्या स्वयंपाकघरापर्यंत जावे यात काही विशेष उरत नाही. ना. धों. ताम्हणकरांच्या 'गोट्या'वर पुढे आलेल्या मालिकेतला गोट्या हा अनाथ मुलगा. त्याला कुटुंब आपलेसे करते. परक्या मुलाला आपण घरात घेतो ते त्याला नातेवाईक करून. दोन उदाहरणांवर सिद्धांत उभारू नये हे खरे. तरीही मित्र हा मित्र म्हणूनच, आपले वेगळे घर पाठीशी घेऊन, उंबरठ्याच्या आत येतो असे चित्र या विनोदाला सुचले नाही, हे नोंदवण्याजोगे आहे. उंबरठ्याच्या आत कोण, कोठपर्यंत, आणि कोणत्या पेल्यातून पाणी, हे आपल्याकडे जातीने ठरवलेले प्रश्न होते. विनोदी मालिकेचे दार मात्र न वाजवता उघडते.

चित्रपटाने हे धैर्य दाखवले आहे. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'मध्ये (२०१४) वडिलांच्या मृत्यूनंतर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला चिन्मय हा अकरा वर्षांचा मुलगा आहे. किल्ल्यावर गेलेली मुले पाऊस येताच त्याला मागे सोडून निघून जातात. बारकाईने पाहिले तर हा अपराध क्षुल्लक आहे, आणि तरीही चिन्मयच्या दृष्टीने तो पूर्ण विश्वासघात आहे. बंड्याशी त्याचे पुन्हा जुळू लागते तोवर आईची पुन्हा बदली होते. मालिका असती तर पुढच्या भागात सारे पूर्ववत झाले असते. येथे क्षमा होते, पण तिचा उपभोग घेण्यास सवड मिळत नाही. शिवाय हे बदलीचे घर आहे. ते कोणाला आश्रय देण्याइतके स्थिर नाही, म्हणूनच दोन्ही मुले बरोबरीने भेटू शकतात.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) तर घर दिसणे हीच शोकांतिका आहे. जब्या आणि पिऱ्या यांची भटकंती, काळ्या चिमणीचा शोध, यांत कोणत्याही कौटुंबिक मालिकेला हेवा वाटावा असा खेळकरपणा आहे. पण जब्याची सारी धडपड वर्गातल्या शालूला आपले घर आणि घराचे काम दिसू नये यासाठी आहे. शेवटी शाळेच्या भिंतीलगत, वर्गमित्रांच्या हसण्यात, त्याला कुटुंबाबरोबर डुक्कर धरावे लागते. महापुरुषांची चित्रे रंगवलेल्या त्या भिंतीवरून डुक्कर वाहून नेले जाते तो क्षण पुष्कळ चर्चिला गेला आहे. येथे मला वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे : मालिकेच्या नेपथ्यात जे घर उभारलेच जात नाही, ते घर 'फँड्री' शाळेच्या अंगणात आणून ठेवते. मग हसणारा प्रेक्षक पडद्याच्या आतच सापडतो, आणि अखेरचा दगड आपल्या दिशेने येतो.

हा सारा विचार मी ज्या वस्तीच्या संदर्भात करतो आहे तिचा उल्लेख आता आवश्यक आहे. उत्तर नागपुरातील जरीपटका हे नाव मराठ्यांच्या जरीच्या निशाणाची आठवण देणारे; वस्ती मात्र प्रामुख्याने फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची. लगत इंदोरा, बेझनबाग हा आंबेडकरी चळवळीचा परिसर. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात झालेले धर्मांतर तेथील घराघरांच्या स्मृतीचा भाग आहे. चेटीचंड आणि १४ एप्रिल हे दोन उत्सव थोड्याच अंतराने येथील रस्त्यांवर येतात. मुले घरी सिंधी किंवा मराठी बोलतात, रस्त्यावर नागपुरी हिंदी. दोघे सोबती असले की प्रत्येक वाक्याला 'बे' लागतो. आई समोर आली की तो गळतो, आणि मित्राची आई एका घरी 'आँटी' होते, दुसऱ्या घरी 'काकू'.

समजा, येथे अशी मालिका रचायची आहे : सहावीतले दोन मित्र, एक निर्वासितांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतला, दुसरा बौद्ध कुटुंबातला. कायम नेपथ्य कोणाच्या घराचे? आर्थिक उत्तर सोपे वाटेल, आणि बहुधा निर्माता तेच देईल : दुकान असलेल्या घराचे. मग दुसरा मुलगा सकाळी दाल-पकवान खायला तेथे येईल आणि आपण पुन्हा द्वारकेत पोचू. परंतु या वस्तीचा इतिहास त्या उत्तराला सहजासहजी संमती देत नाही. एका घराने आपले घर, आपली भूमी गमावून येथे सुरुवात केली. दुसऱ्याच्या पूर्वजांना गावकुसाच्या आत घर बांधण्याचाच अधिकार नव्हता. यजमानपद वडिलोपार्जित म्हणून सांगता येईल असे दोघांकडेही काही नाही. अशा ठिकाणी दोन्ही स्वयंपाकघरे उभारणे ही वास्तववादाची किमान अट ठरते. हे सामाजिक सलोख्याचे गुलाबी चित्र मात्र होऊ नये. शेजार म्हणजे सख्य नव्हे, आणि लगतच्या दोन वस्त्यांतील मुले एकाही वर्गात एकत्र न येता वाढू शकतात, हे कोणत्याही शहरात पाहता येते.

एकत्र आणण्याचे एक साधन आता कायद्याने दिले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या इयत्तेत किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या असतात. पहिलीत असा प्रवेश मिळालेला मुलगा सहावीत पोचेपर्यंत शेजारच्या मुलाशी त्याची पाच वर्षांची मैत्री झालेली असते. मैत्रीसाठी एकत्र मीठ खाल्लेले असावे लागते, या ॲरिस्टॉटलने दाखल्यादाखल दिलेल्या म्हणीचा अर्थ डब्यातल्या पोळीने पुरा केलेला असतो. पण कायद्याचे हे संरक्षण प्राथमिक शिक्षणापुरते, म्हणजे आठवीपर्यंत आहे. नववीची फी कोणी भरायची, हा प्रश्न त्यानंतर फक्त एकाच घरात विचारला जातो.

कौटुंबिक विनोदी मालिकेला या क्षणाविषयी बोलता येईल काय? तिच्याजवळ एक सामर्थ्य आहे, जे महाभारताजवळ नाही : ती रोजचेपण जाणते. रुसणे, डबा वाटून खाणे, गृहपाठ उतरवणे, पुन्हा रुसणे, यांची आवृत्ती हीच तिची लय आहे, आणि बालमैत्रीची लयही तीच असते. भाग संपताना सारे पूर्ववत होणे यात खोटेपणा आहे, तसे सत्यही आहे. बारा वर्षांची मुले खरोखर दुसऱ्या दिवशी भांडण विसरतात. आठवीचा शेवट मात्र विसरता येणारा नाही, कारण तो कोणा मित्राने केलेला अपराध नाही. अशा वेळी लेखकाला रूढ मार्ग मोकळा असतो : सुस्थित मित्राचे वडील फी भरतात, टाळ्या पडतात, मालिकेचा दुसरा हंगाम सुरू होतो. यात वाईट काहीच घडलेले नाही, एका मुलाचे शिक्षण वाचले आहे. फक्त त्यानंतर तो मुलगा मित्राला 'बे' म्हणू शकतो की नाही, हे तपासून पाहायला हवे. आणि ते तपासण्यासाठी कॅमेरा त्याच्या घरी न्यावा लागेल, जेथे मित्राच्या वडिलांचे नाव आता जरा वेगळ्या, खालच्या आवाजात घेतले जात असेल, आणि मित्र आला तर त्याला बसायला एकुलती एक खुर्ची पुढे केली जात असेल.