सहा इंचांत मराठी किती मावते?

ई-रीडर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: कोणता चांगला? उत्तर द्यायला इंटरनेटवर शेकडो जण बसलेले आहेत, आणि त्यांची उत्तरं बहुतेक वेळा बरोबरही असतात. फक्त ती इंग्रजी वाचणाऱ्यासाठी असतात. बॅटरी किती टिकते, पुस्तकं किती मावतात, यंत्र पाण्यात पडलं तर काय होतं. मराठी वाचकाचं घोडं यातल्या कशावरही अडत नाही. बाजारातल्या कुठल्याही नावाजलेल्या यंत्राची बॅटरी आठवडे-आठवडे चालते आणि पुस्तकं तर आयुष्यात वाचून होणार नाहीत इतकी मावतात. त्याचं अडतं ते आपल्याला हवी ती पुस्तकं त्यात येतील का, आणि आली तर नीट वाचता येतील का, इथे.

या यंत्राचा पडदा मात्र समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामातून १९९७ साली ई-इंक ही कंपनी निघाली. तिच्या पडद्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत काळे व पांढरे कण तरंगत असतात. काळ्यांवर एक विद्युतभार, पांढऱ्यांवर उलटा. वीज जशी द्यावी तसे काळे वर येतात किंवा पांढरे, आणि वर आले की तिथेच थांबतात. म्हणून वीज लागते ती पान उलटताना. पान समोर धरून तासभर विचार करत बसलात तरी अक्षरांसाठी काही खर्च नाही. भर उन्हातही हा पडदा कागदासारखा वाचता येतो. सोनीने २००४ साली जपानमध्ये असं पहिलं यंत्र विकलं, २००७ मध्ये अमेरिकेत किंडल आलं, आणि त्याच्या दुकानात मराठी पुस्तकं अधिकृतपणे यायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. हा नऊ वर्षांचा उशीर अजूनही जाणवतो.

बरेच जण शिफारस करतात ते यंत्र साधारण सहा इंचांचं असतं. खिशात मावतं, वजनाला हलकं, किंमत आवाक्यात. इंग्रजी कादंबरीला ते पुरेसं आहे. मराठीचं शरीरच वेगळं. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘महाविद्यालयांमधल्यासुद्धा’ हा आपल्यासाठी एकच शब्द. वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त लागतं. चाळिशी लागलेल्या माणसाने अक्षर दोन पायऱ्या मोठं केलं की सहा इंचांच्या पडद्यावर एका ओळीत तीन-चार शब्द उरतात. ही यंत्रं मराठी शब्द ओळीच्या शेवटी सहसा तोडत नाहीत. मग दोन्ही कडा सरळ ठेवण्याच्या हट्टापायी मधे पांढरी भगदाडं पडतात, आणि कवितेचं तर विचारूच नका. गझलेच्या शेराची एक ओळ तीन ओळींत सांडली की रदीफ कुठे आणि काफिया कुठे हे शोधत बसायचं. तेव्हा मराठीच वाचणार असाल तर सात इंचांच्या खाली उतरू नका. डावी कडा सरळ आणि उजवी मोकळी ठेवण्याची सोय यंत्रात आहे का, हेही बघा. समीक्षक या सोयीचा उल्लेखही करत नाहीत, पण मला ती जलरोधकतेपेक्षा मोलाची वाटते.

खरी कसोटी पीडीएफची. मराठीत फुकट आणि कायदेशीर मिळणारा मोठा खजिना याच रूपात आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुस्तकं संकेतस्थळावर ठेवली आहेत, ई साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची पुस्तकं वाटतं, जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत. पण पीडीएफ म्हणजे पानाचं छायाचित्रच समजा. अक्षर मोठं करायला गेलं की पान पडद्याबाहेर जातं. डेमी आकाराचं पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचं असतं. सहा इंचांचा पडदा (हे माप कर्णाचं) उभा जेमतेम पावणेपाच इंच. म्हणजे बारा पॉइंटांचं अक्षर सात पॉइंटांच्याही खाली येतं. भिंग लावून वाचायचं असेल तर यंत्र कशाला? दहा इंचांच्या थोड्या वरच्या पडद्यावर तेच पान जवळजवळ मूळ मापात दिसतं. अशा यंत्राची किंमत दुपटीहून जास्त असते आणि ते झोपून छातीवर धरायला जड पडतं. संशोधक, प्राध्यापक, जुनी चरित्रं आणि बखरी वाचणारे यांच्यासाठी मात्र दुसरा पर्याय मला दिसत नाही.

स्कॅन नसलेल्या पीडीएफमध्येही एक गोम आहे. आपल्याकडची कित्येक पुस्तकं वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत जुळवली गेली. पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरांची खिचडी असते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरी अशा फाइलचं ईपब, म्हणजे अक्षर हवं तसं लहान-मोठं होणारं ई-पुस्तक, करायला जा, हाती भलतंच काही येतं. आणि युनिकोड असलं तरी यंत्राला मराठी येतेच असं नाही. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला ऱ्य बघा. हिंदीपुरती तयारी केलेल्या यंत्रावर तो कधी रफार होऊन बसतो, कधी पाय मोडका दिसतो.

आता दुकानाचा प्रश्न. किंडल घेतलं की पुस्तकं मुख्यतः ॲमेझॉनकडून घ्यायची. पण मराठी ई-पुस्तकांचा मोठा साठा बुकगंगाकडे आहे आणि ती पुस्तकं बुकगंगाच्याच ॲपमध्ये उघडतात. किंडलवर ते ॲप चालत नाही. ज्याची निम्मी खरेदी बुकगंगावर झाली आहे त्याने किंडल घेणं म्हणजे घरात कपाट आणून पुस्तकं शेजाऱ्याकडे ठेवणं. अँड्रॉइडवर चालणारे ई-इंकचे रीडर मिळतात, ऑनिक्स कंपनीचे बूक्स त्यातले जास्त माहीत असलेले. त्यांवर कुठल्याही दुकानाचं ॲप टाकता येतं. बॅटरी लवकर उतरते, चालवायला थोडे किचकट आहेत, आणि व्हॉट्सॲपही येऊ शकतं, हा तोटा धरायचा की फायदा हे ज्याचं त्याने ठरवावं.

विकत घेतलेलं पुस्तक आपलं असतं का, हा याहून अवघड प्रश्न. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा ग्राहकांची पुस्तकं नाहीशी झाली. पैसे परत दिले, आणि ज्यांनी समासात टिपणं केली होती त्यांना वर २५ डॉलर. वाचकाच्या टिपणांची एवढी रोकडी किंमत आधी कुणी केली नसावी. ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून ठेवण्याची सोय काढून घेतली. आपण पैसे मोजतो ते वाचण्याच्या परवान्याचे. वाचनालयाची वर्गणी भरणाऱ्या मराठी माणसाला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. पण वाचनालय किंमत पुस्तकाएवढी घेत नव्हतं.

यावर थोडा उतारा आहे. साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे साठ वर्षांनी, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांचं झालं. हरिभाऊ आपटे, गडकरी तर कधीचेच मोकळे आहेत. मराठी विकिस्रोतावर असं जे साहित्य आहे ते ईपब म्हणून उतरवून घेता येतं आणि ते आज किंडलसह जवळजवळ सगळ्या यंत्रांत जातं. ते कुणी परत मागणार नाही.

दिवाळी अंकांसाठी मात्र ई-रीडर घेऊ नका. व्यंगचित्रं, दोन स्तंभांची मांडणी, रंगीत मुखपृष्ठ यांची या पडद्यावर राख होते. रंगीत ई-इंक निघाली आहे, पण तिचे रंग धुवट वाटतात. वर्षाला चार-पाच पुस्तकं वाचणाऱ्याने हे पैसे पुस्तकांवरच खर्च करावेत. याउलट ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांनी उशीर करू नये. मोठ्या टायपातली मराठी पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि इथे नीट केलेलं प्रत्येक ई-पुस्तक मोठ्या टायपातलं होतं.

गेल्या वर्षभरात वाचलेल्या आणि पुढे वाचायच्या पुस्तकांची यादी करा, प्रत्येकापुढे ते कुठे मिळतं ते लिहा. निम्मी निवड तिथेच होईल. उरलेली प्रकाशकांच्या हातात आहे. त्यांना एवढीच विनंती: ई-पुस्तकाच्या किमतीशेजारी फाइल कोणत्या प्रकारची, युनिकोडमध्ये आहे की नाही आणि कोणत्या यंत्रांवर उघडते, हेही छापा.