वहिवाटीचा हक्क

जेंटू या लिनक्स वितरणात नवा डेस्कटॉप बसवायचा तर आधी एक लांबलचक यादी वाचावी लागते. केडीईचा प्लाझ्मा हवा असे सांगितले की पोर्टेज ही तिथली पॅकेज-व्यवस्था लगेच कामाला लागत नाही. तो डेस्कटॉप उभा राहायला लागणारी शेकडो पॅकेजे ती आधी पडद्यावर मांडते. प्रत्येक नावापुढे त्याचे यूज फ्लॅग: चालू असलेले लाल, बंद असलेले निळे आणि वजा चिन्ह लावलेले. ब्लूटूथ हवे, छपाई हवी, अमुक नको, तमुक नको. शेवटी होय की नाही विचारणारी एक ओळ. होय म्हटले की एकेका पॅकेजचा सोर्स कोड उतरतो आणि त्याच यंत्रावर कंपाइल होऊ लागतो. डेबियन किंवा फेडोरात हेच काम तयार बायनरी उतरवून काही मिनिटांत उरकते. इथे साध्या लॅपटॉपची अख्खी रात्र जाऊ शकते. मग एवढा खटाटोप कशासाठी? या प्रश्नाला नेहमी जे उत्तर दिले जाते ते लंगडे आहे, आणि जे खरे उत्तर आहे ते फारसे कुणी देत नाही, असे मला वाटते.

नेहमीचे उत्तर वेगाचे. आपल्याच प्रोसेसरसाठी कंपाइल केलेला कोड जास्त जोरात धावतो, हा दावा २००२ मध्ये जेंटूची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून चालत आला आहे. त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. सर्वांसाठी बनवलेल्या बायनरी बहुधा ६४ बिट प्रोसेसरांच्या पहिल्या पिढीवरही चालतील अशा बेताने बांधतात. पुढच्या पिढ्यांत आलेल्या सूचना त्यांत वापरलेल्या नसतात. पण व्हिडिओ किंवा एन्क्रिप्शनसारख्या ज्या कामांत या सूचनांचा खरा फायदा होतो, तिथे एफएफएमपेग आणि ओपनएसएसएलसारख्या लायब्रऱ्या चालू होतानाच प्रोसेसर कोणता ते पाहून योग्य तुकडा निवडतात, मग त्या कुठेही कंपाइल झालेल्या असोत. शिवाय डेस्कटॉपचा बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो: डिस्कची, ग्राफिक्स कार्डाची, नेटची, आणि सर्वांत जास्त समोर बसलेल्या माणसाची. मेनू उघडताना वाचलेले क्षण कंपाइलच्या रात्रीशी ताडून पाहिले तर हिशेब कधीच जुळणार नाही. केवळ वेगासाठी जेंटूकडे वळणाऱ्याने त्यापेक्षा चांगली एसएसडी घ्यावी.

खरे उत्तर परवान्याकडे पाहिल्यावर सापडते. जीपीएलसारखे परवाने वापरणाऱ्याला कोड वाचण्याचा, बदलण्याचा आणि बदललेला कोड पुन्हा बांधून चालवण्याचा हक्क देतात. पण हक्क कागदावर असणे वेगळे आणि वापरात असणे वेगळे. शेतातून जाणारी वाट नकाशावर कितीही ठळक असली, तरी तिच्यावरून कुणी येत-जात नसेल तर दोन-चार पावसाळ्यांत ती नांगराखाली जाते. जो कोड फक्त बनवणारेच, आपल्याच यंत्रांवर, आपल्याच पद्धतीने बांधतात, त्याची हीच गत होते. हा कंपाइलर असणारच, ही सी लायब्ररी असणारच, ही सेवा मागे चालू असणारच, अशी गृहीतके त्यात नकळत झिरपत जातात. दुसरीकडे कुणी बांधतच नसल्यामुळे ती कुणाच्या ध्यानातही येत नाहीत, आणि एक दिवस कोड खुला असूनही तो एकाच ठिकाणी बांधता येतो. स्रोतावर आधारलेल्या वितरणाचे वापरकर्ते हा कोड वेगवेगळे फ्लॅग लावून, वेगवेगळ्या कंपाइलरनी, घरोघरच्या यंत्रांवर सतत बांधत असतात. जेंटूची खरी किंमत मला यात दिसते. आणि डेस्कटॉप ही तिची सर्वांत कठीण परीक्षा, कारण शेकडो लहानमोठ्या प्रकल्पांचे आपसांतले करार तिथे एकदम तपासले जातात.

याचा सर्वांत बोलका पुरावा ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपचा. मार्च २०१३ मध्ये ग्नोम ३.८ आले, तोवर लॉगिनचे सत्र सांभाळणे, लॅपटॉप झोपवणे अशी कामे त्याने सिस्टमडी या संगणक सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेतल्या लॉगिनडीवर सोपवायला घेतली होती. ज्या वितरणांत सिस्टमडी आधीच होते, तिथल्या वापरकर्त्याला यातले काहीच जाणवले नाही. जेंटूचा मूळ रिवाज संगणक सुरू करणाऱ्या दुसऱ्या व्यवस्थेचा, ओपनआरसीचा, आणि तिथे ग्नोम सांभाळणाऱ्यांना सांगावे लागले की यापुढे ग्नोम हवे असेल तर सिस्टमडी घ्या. डेस्कटॉप निवडताना संगणक सुरू कसा होतो हेही ठरून जाते, ही गोष्ट इतरत्र झाकलेली होती; इथे ती यादीत उघड दिसली, आणि उघड दिसली म्हणून त्यावर वाद झाला आणि कामही झाले. जेंटूच्या काही विकासकांनी २०१२च्या अखेरीस उपकरणे ओळखणाऱ्या यूडेव्हची वेगळी शाखा काढून यूडेव्ह सिस्टमडीविना बांधता येईल असे केलेच होते. पुढे लॉगिनडीचा तेवढाच भाग सोडवून घेतलेले ईलॉगिनडी आले. त्याची सुरुवात जेंटूत नव्हे, ग्विक्स या दुसऱ्या प्रकल्पाच्या मंडळींकडून झाली. त्याच्या आधारावर ग्नोम आणि प्लाझ्मा ओपनआरसीवर चालू लागले, आणि व्हॉइड, डेव्हुआन यांसारख्या इतर वितरणांनाही त्याचा उपयोग झाला. सिस्टमडी चांगले की वाईट, या भांडणात मला पडायचे नाही. दुसरी वाट शिल्लक राहिली ती कुणीतरी तिच्यावरून चालायचा हट्ट धरला म्हणून, एवढेच मला म्हणायचे आहे.

दुसरा पुरावा इतका नाट्यमय नाही, पण मला तो जास्त पटतो. आधी जाहीर न केलेले फंक्शन वापरणे सी भाषेच्या प्रमाणाने १९९९ मध्येच बाद केले, तरी कंपाइलर त्यावर नुसती ताकीद देऊन पुढे जात. २०२४ च्या जीसीसी १४ ने ती चूक ठरवली. नुकसान दिसेल तिथे दुरुस्ती सोपी असते. खरा धोका न दिसणाऱ्या ठिकाणी होता. बांधणीआधी चालणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्ट छोटे छोटे सी प्रोग्राम कंपाइल करून यंत्रात अमुक सोय आहे का ते तपासतात. त्या तपासणीतच जुन्या वळणाचे सी असेल, तर नव्या कंपाइलरपुढे ती नापास होते, स्क्रिप्ट त्यावरून सोय नाही असे धरून चालते, आणि प्रोग्राम एका अंगाने लुळा होऊन, कसलीही तक्रार न करता, बांधून पूर्ण होतो. अशी हजारो पॅकेजे आधीच बांधून पाहणे, कुठे काय गळते ते शोधणे आणि दुरुस्त्या मूळ लेखकांकडे पाठवणे हे काम जेंटूच्या आणि फेडोराच्या स्वयंसेवकांनी आधीची काही वर्षे केले. फेडोरा बायनरी वितरण आहे, म्हणजे याचे सगळे श्रेय जेंटूला देता येत नाही हे खरे. पण पुन्हा बांधून पाहण्याची सवय दोन्हीकडे होती, आणि उपयोग झाला तो त्या सवयीचा.

मराठी वाचकाला पोर्टेजच्या त्या यादीतली एक जोडी जवळची वाटावी. फ्रीटाइप फाँटमधून अक्षराचा आकार रेखाटते. कोणता आकार कुठे बसवायचा ते हार्फबझ ठरवते. ‘क्षितिज’ लिहिताना वेलांटी संगणकात व्यंजनानंतर साठवली जाते आणि पडद्यावर आधी येते. ‘सूर्य’मधला र साठवताना आधी असतो आणि दिसताना रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो. ही सगळी उलथापालथ हार्फबझची. इंग्रजीपुरता संगणक वापरणाऱ्याला ते नसल्याचे कदाचित कळणारही नाही. मराठीत मात्र प्रत्येक ओळ मोडेल. पायथनमधून चित्रावर मजकूर उमटवणाऱ्या पिलो लायब्ररीला हार्फबझवर आधारलेल्या रॅकमची जोड नसली, तर वेलांट्या भलत्या बाजूला पडतात. आता पेच असा, की हार्फबझला फाँट वाचायला फ्रीटाइप लागते आणि फ्रीटाइपला आपले काम नीट करायला हार्फबझ. नव्या डेस्कटॉपची बांधणी सुरू करताना पोर्टेज या चक्राशी अडते. उपाय ठरलेला: फ्रीटाइप आधी हार्फबझचा फ्लॅग बंद करून बांधायचे, मग हार्फबझ, मग फ्रीटाइप पुन्हा एकदा फ्लॅग चालू करून. तयार बायनरी घेणाऱ्यासाठी हा गुंता दुसऱ्या कुणीतरी सोडवलेला असतो. त्यात गैर काहीच नाही. फक्त तो कुणी, कधी आणि काय गृहीत धरून सोडवला, हे शोधायची वाट कुठेतरी मोकळी असावी.

यावर एक रास्त आक्षेप असा, की यूज फ्लॅगचे स्वातंत्र्य दिसते तेवढे मोठे नाही. मूळ लेखकाने जो भाग ऐच्छिक ठेवला, त्याचाच फ्लॅग होतो. जे त्याने सक्तीचे केले ते जेंटूवरही सक्तीचेच. २०२५ मध्ये ग्नोमने सिस्टमडीवरचे अवलंबन आणखी घट्ट केले तेव्हा हे पुन्हा दिसले. आक्षेप मान्य आहे. पण आपली निवड नेमकी कुठे संपते ते कळणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि तयार बायनरीच्या जगात ती हद्द दिसतच नाही. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लायब्ररीत पेरलेले मागले दार उघडकीस आले. त्याला जिवंत करणारी किल्ली सार्वजनिक गिट भांडारात नव्हती. ती प्रकाशनाच्या संचिकेत घातलेल्या बांधणी-स्क्रिप्टमध्ये होती. म्हणजे घरी सोर्स उतरवून बांधणाऱ्यानेही तीच विषारी संचिका उतरवली असती. तो सापळा डेबियन आणि रेडहॅट घराण्याच्या पॅकेजांच्या बांधणीवर लावलेला होता, म्हणून जेंटूवाले वाचले. त्यात त्यांची हुशारी नव्हती. केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये छापून आलेल्या ट्युरिंग व्याख्यानात दाखवूनच दिले होते, की कंपाइलरच फितूर असेल तर निष्कलंक सोर्स वाचूनही काही हाती लागत नाही. तेव्हा ‘स्वतः कंपाइल केले म्हणून मी सुरक्षित’ हा समज सोडून द्यावा. सुरक्षिततेसाठी पुनरुत्पादनक्षम बांधणीचा मार्ग अधिक भरवशाचा आहे: तोच सोर्स अनेकांनी स्वतंत्रपणे बांधून निकाल हुबेहूब जुळतो का ते पाहायचे. तोही पुन्हा बांधण्याचाच हक्क, अधिक शिस्तीने वापरलेला.

उरला विजेचा आणि वेळेचा आक्षेप, आणि तो सर्वांत जड आहे. एकच कोड असंख्य घरांत पुन्हा पुन्हा कंपाइल करण्यात उधळपट्टी आहेच. डिसेंबर २०२३ मध्ये जेंटूने स्वतःच अधिकृत बायनरी पॅकेजे द्यायला सुरुवात केली, तेव्हा काहींनी ती शरणागती मानली. मला तो शहाणपणा वाटतो. तुमचे फ्लॅग सर्वसामान्य असतील तिथे पोर्टेजला तयार बायनरी घ्यायला सांगता येते, आणि तुम्ही वेगळे काही मागाल तिथे कंपाइल करायला. निवडीची वीज तेवढ्याच ठिकाणी जळते. या हक्काला खरा धोका कोडच्या फुगत्या आकाराचा आहे. क्यूटी वेबइंजिनच्या पोटात क्रोमियम हा अख्खा ब्राउझर आहे. कंपाइलच्या प्रत्येक समांतर कामामागे सुमारे दोन जीबी मेमरी धरा असे जेंटूचे मार्गदर्शन सांगते, आणि या पॅकेजला ते तंतोतंत लागू पडते. आठ जीबीच्या लॅपटॉपवर चार कामे एकदम लावली की मेमरी संपते आणि कर्नल कंपाइलरचाच गळा धरतो. एकेक लावले तर दिवस मावळतो. परवान्याने दिलेला हक्क इथे रॅमच्या किमतीपाशी अडतो, आणि विद्यार्थ्याच्या यंत्रावर तो सर्वांत आधी अडतो. त्याने यादी नीट वाचली तर मात्र एक गोष्ट दिसेल: वेबइंजिन मुख्यतः केडीईच्या मेलसंचाला आणि काही जोडभागांना लागते. वेबइंजिनचा फ्लॅग वजा करून, मेलसाठी थंडरबर्डची तयार बायनरी घेतली, तर बाकीचा प्लाझ्मा त्याच आठ जीबीत बांधून होतो.