धार आणि अधिकार

शुद्धीचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येक धर्मविचारात एक प्रश्न बहुधा मोघम राहतो: मळ काढण्यासाठी बळ किती वापरावे? मळ काढणे हे पुण्यकर्मच मानले गेल्यामुळे बळाचा अतिरेकही पुण्यातच जमा होतो, आणि त्यापायी ज्याला निर्मळ करावयाचे त्याचीच हानी झाली, तरी तिची दाद कोणत्याही दरबारी लागत नाही.

खंडेनवमीच्या सुमारास धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही वॉशिंग सेंटरवर, पूजेपूर्वी ट्रॅक्टर धुवून घेण्यासाठी आलेल्या शेतकऱ्यांच्या गर्दीत क्षणभर थांबले, तर या प्रश्नाचे एक रोकडे उत्तर पाहावयास मिळते. पंप तोच, पाणी तेच. पण नळीच्या टोकाचे नोझल बदलले की त्याच पाण्याचा स्वभाव पालटतो. लाल नोझलातून शून्य अंशाची सरळ सळई निघते, ती चाकाला चिकटलेली वाळकी काळी माती उखडते आणि रोख चुकला तर रंगाचा पापुद्राही नेते; पिवळ्याचा झोत पंधरा अंशांचा, हिरव्याचा पंचवीस, पांढऱ्याचा चाळीस; आणि काळे केवळ साबण पसरण्यापुरते. कोन जसजसा रुंदावतो तसतसे तेच बळ अधिक पृष्ठभागावर विभागले जाते. जाणता कारागीर म्हणूनच पांढऱ्यापासून आरंभ करतो, दुरून धार सोडतो, आणि मळ हटत नाही अशी खातरजमा झाल्यावरच जवळ सरकतो किंवा कोन आवळतो. नोझल मळाची चीड पाहून निवडावयाचे नसते. मळाखालच्या वस्तूची सोसण्याची ताकद पाहून निवडावयाचे असते.

याच जिल्ह्यातल्या तेरचे त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे, आणि त्याचा गजपृष्ठाकार घाट पाहून ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे असे अनेक अभ्यासक मानतात. त्या विटांवर लाल नोझलाची धार सोडणारा मनुष्य कितीही श्रद्धाळू असला, तरी शतकांची काजळी धुता धुता तो वीटच धुऊन टाकील. याच तेरचे गोरोबाकाका. संतमेळ्यात त्यांनी थापटण्याने एकेकाचे मडके पारखल्याची आणि नामदेवांना कच्चे ठरवल्याची कथा सर्वश्रुत आहे. परंतु त्या कथेतला संयम सहसा कोणी ध्यानात घेत नाही. थापटणे कच्चेपणा दाखवते, तो घालवीत नाही, हे कुंभाराला ठाऊक असल्यामुळे गोरोबांनी दुसरा, अधिक जोराचा प्रहार केला नाही. नामदेवांचे पक्केपण पुढे विसोबा खेचरांच्या बोधातून सिद्ध झाले.

वेदान्तात मल, विक्षेप आणि आवरण असे चित्ताचे तीन दोष मानून त्यांवर अनुक्रमे निष्काम कर्म, उपासना आणि ज्ञान असे तीन उपाय सांगितले आहेत. ज्याचा जो दोष त्याला तो उपाय, हेच अधिकारभेदाचे मर्म. अर्थात या तत्त्वाची आपल्याकडे जी विटंबना झाली तीही विसरता येत नाही. अधिकार जन्माच्या दाखल्यावरून ठरवून कित्येकांना पाणवठ्याचे पाणीसुद्धा नाकारले गेले, म्हणजे वस्तू न पाहताच नोझल ठरवले गेले. गोरोबांच्या परीक्षेत कुंभार पारखी होता, शिंपी परीक्षार्थी होता, आणि ज्ञानदेवांसारखे ब्राह्मणही त्याच पंक्तीत मस्तक पुढे करून बसले होते. तेथे जातीचा मुलाहिजा नव्हता, प्रत्यक्ष नादाची पारख होती.

तात्पर्य, कठोरता हा स्वतंत्र सद्गुण नाही आणि मृदुताही नाही. दोन्ही एकाच बळाचे कोन आहेत आणि त्यांतला योग्य कोणता, हे ज्याच्यावर ते बळ चालावयाचे त्याला पाहिल्यावाचून सांगता येत नाही. उपोषणाचे कडक व्रत, गुरूची ताडना, समाजसुधारकाची तिखट लेखणी, या सर्वांना हाच न्याय लागू आहे. शुद्धीचे फर्मान काढणाऱ्याने आधी पाहणी करावी, सौम्य उपायापासून आरंभ करावा, आणि हातून वस्तू भंगल्यास त्याचा जाब मळाकडे मागू नये.