सशापुढचे ताट

दानाचे मोल देणाऱ्याच्या भावावर ठरते की घेणाऱ्याच्या हितावर? गीतेचा सतरावा अध्याय सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र यांचा विचार जोडतो. जैनांचे दशवैकालिक सूत्र ज्ञानाला दयेच्या आधी ठेवते. मला हाच क्रम खरा वाटतो, आणि पाळलेल्या सशाला कोणती भाजी घालावी या साध्या प्रश्नात त्याची कसोटी लागते. गाजर, केळे, पोळीचा तुकडा, बिस्कीट आपण मायेने पुढे करतो, ससाही ते आवडीने खातो, आणि त्यानेच आजारी पडतो.

कारण त्याच्या देहातच आहे. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावून चावून झिजतात. गवत कमी पडले की तेच दात गालाला, जिभेला टोचू लागतात. चारा आंबवून पचवण्याचे काम त्याच्या आतड्यातले जिवाणू करतात. त्यातून तयार झालेल्या मऊ लेंड्या तो पुन्हा खातो, तेव्हा त्याचे पोषण पुरे होते. साखर आणि पिष्ट वाढले की हे जिवाणू बिघडतात, आतडे मंदावते, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर ससा दगावतो. त्याला उलटीही होत नाही. म्हणून त्याच्या आहारात 80 टक्क्यांच्या आसपास गवतच हवे, ओले किंवा वाळलेले. आपली हरळीसुद्धा चालते. सोबत कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला आलटून पालटून, स्वच्छ धुऊन द्यावा. नवी भाजी एका वेळी एकच, तीही थोडी. पालक कधीतरीच, कारण त्यात ऑक्झलेट फार. गाजराचा लहानसा तुकडा कधीमधी पुरे. कांदा, लसूण, बटाटा आणि कडधान्ये मुळीच नकोत. लसूणघास वाढत्या पिलांना मानवतो. मोठ्या सशाला तो रोज घातला तर जादा कॅल्शियम मूत्रात उतरते आणि मूत्राशयात गाळ किंवा खडे होऊ शकतात.

यावर भक्तिमार्गी माणूस म्हणेल, देव भावाचा भुकेला असतो. पान असो की फूल, मनापासून दिले की पुरे. देवाच्या बाबतीत हे मान्य आहे, कारण त्याला आपल्या नैवेद्याची गरज नाही. सशाला मात्र पोट आहे, आणि आपल्या भावाचे ओझे त्या पोटाने का सोसावे? दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: जनावराला आपले अन्न कळते, आपण कोण शिकवणार? रानात ते खरेच. पाळीव सशाचे पूर्वज आयबेरियाच्या माळांवर गवत, पाला, साली खाऊन जगले. गोड त्यांना क्वचितच मिळे, म्हणून मिळाले की सोडायचे नाही, ही ओढ त्याच्यात उरली आहे. पिंजऱ्यात निवड त्याच्या हाती राहत नाही, आपल्या हाती येते, आणि निवडीबरोबर जबाबदारीही.

बौद्धांच्या शशजातकात हा विचार सशाच्याच तोंडी आला आहे. उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी पाणमांजर मासे मिळवते, कोल्हा घोरपड आणि दही, माकड आंबे. ससा खातो गवत, आणि दारी आलेल्या याचकाला गवत देता येणार नाही हे तो आधीच ओळखतो. म्हणून आगीत उडी घेऊन स्वतःचा देह द्यायचे ठरवतो. आपण त्याचा त्याग आठवतो, चंद्रावरचा ससा मुलांना दाखवतो. त्यागाआधीचा त्याचा विचार मात्र विसरतो: माझे अन्न ते पाहुण्याचे अन्न नव्हे. मला कथेतला हा क्षण त्या अग्निप्रवेशाहून मोठा वाटतो, कारण त्यात समोरच्या जीवाचे वेगळेपण पूर्ण मान्य केलेले आहे. सशाला पोळी भरवणाऱ्या प्रेमात नेमकी ही मान्यता नसते.

इतका हिशोब केला तर माया कोरडी होईल, अशी भीती काहींना वाटते. आजाऱ्याचे पथ्य सांभाळणाऱ्या आईची माया कुठे कोरडी होते? ज्याला रोज ताजे किंवा वाळलेले गवत आणून घालणे जमणार नाही, त्याने ससा पाळू नये.